लहान गोष्ट आणि तिची मजुरी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो महागाई, किमान वेतन किंवा फार तर मे दिनाचा इतिहास सांगणार, अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती बहुधा खरीही ठरते. आम्ही यंदा विषय दिला तो अद्‌भुत आणि विज्ञानविषयक अशा अगदी लहान कथांचा. त्या कोणी लिहिल्या, कोणासाठी लिहिल्या आणि लिहिणाऱ्याला पोसले कोणी, असा तो विषय आहे. पत्र पाहून संयोजकांपैकी एकाने नम्रपणे विचारले, "भाऊ, विषय लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नाही. एक चूक मात्र आमच्या हातून पूर्वी झालेली आहे. ती शेवटी सांगू. तिच्यामुळेच हा विषय आम्हांला सुचला.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती विद्वानांच्या मुखातून सामान्यांच्या कानी ज्ञान जावे म्हणून. आम्ही विद्वान नाही. शाळा दहावीला सुटली, आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आमच्या बोलण्यात शास्त्र कमी आणि हिशेब जास्त आढळला, तर श्रोत्यांनी तो आमच्या धंद्याचा दोष समजावा.

प्रारंभ कापसापासून करू. दिग्रसला कापूस समजावून सांगण्याची गरज नाही. पहिल्या वेच्याला बोंडे भरगच्च फुटलेली असतात. बाईने दोन्ही हातांनी वेचावे आणि ओटी भरावी. किलोमागे मजुरी ठरलेली असली तरी दिवसाकाठी चार पैसे हाती पडतात. पण शेवटी फरदड उरते. एका झाडावर एक बोंड, दुसऱ्यावर अर्धे, तिसऱ्यावर नुसते काटेरी कवच. चालणे दुप्पट, वाकणे दुप्पट, बोटे रक्ताळतात, आणि संध्याकाळी काट्यावर मात्र पहिल्या वेच्याच्या निम्मेही वजन भरत नाही. म्हणून फरदडीचा भाव किलोमागे चढा मागावा लागतो. हे ज्याला कळत नाही त्याने कधी वेचणी केलेली नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की अगदी लहान गोष्ट ही साहित्यातली फरदड आहे. वजन कमी, पण वेचणे फार.

आता इतिहास. त्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात महानुभाव मंडळी तेथे जमली. श्रीचक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी घरोघर, गावोगाव हिंडून गोळा केल्या, आणि लीळाचरित्र हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ सिद्ध झाला. त्याच परंपरेत केसोबासांनी चक्रधरांनी सांगितलेले दृष्टांत वेगळे काढून 'दृष्टांतपाठ' रचला. त्यात ११४ दृष्टांत आहेत. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्याचा उलगडा, अशी त्याची बांधणी आहे. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तीही तेथे आहे, आणि थोडक्या ओळींत आहे. सातशे वर्षांपूर्वी मराठी माणसाला लहान गोष्टीचे मोल समजलेले होते, याचा हा लेखी पुरावा होय.

पण सांगणारे जेवत कशावर? भिक्षेवर. एकाच श्रीमंताच्या ओसरीवर बसून नव्हे, तर अनेक दारी हिंडून मिळालेल्या थोड्या थोड्या अन्नावर. हा तपशील आम्हांला महत्त्वाचा वाटतो. ज्याचे अन्न शंभर घरांतून येते त्याला कोणा एका घरधन्याची स्तुती गोष्टीत घुसडावी लागत नाही.

यानंतर आपण एकदम छापखान्याच्या काळात येऊ, कारण छापखान्याबरोबर भिक्षेची जागा वर्गणीने घेतली. १८८६ साली कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी दूर कोचीहून 'केरळकोकिळ' हे मराठी मासिक काढले. मलबारच्या किनाऱ्यावरून मराठी मासिक चालवणे ही गोष्टच अद्‌भुत म्हणावी लागेल. १९०० च्या सुमारास ह्याच मासिकातून फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याची चंद्रप्रवासाची कादंबरी मराठीत क्रमशः आली. मराठी वाचकाची विज्ञानकथेशी ओळख झाली ती अशी तुकड्यातुकड्यांनी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली 'मनोरंजन' मासिक सुरू केले, आणि १९०९ साली त्यांनीच मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. मराठी लघुकथा वाढली ती ह्या मासिकांच्या अंगणात.

हे सारे वर्गणीदारांच्या जिवावर चालत असे. मासिकाचा वर्गणीदार आणि संघटनेचा वर्गणीदार ह्यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही. दोघेही थोडे देतात, उशिरा देतात, कुरकुर करून देतात, पण टिकवतात तेच.

वर्गणीखेरीज दुसरा एक मार्ग त्याच काळात कलकत्त्यात निघाला. तेथे हेमेंद्रमोहन बसू नावाचे उद्योजक 'कुंतलीन' नावाचे केसांचे तेल विकीत असत. १८९६ साली त्यांनी कथास्पर्धा जाहीर केली. अट अशी, की गोष्टीत तेलाचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटू नये. पहिले बक्षीस मिळाले ते जगदीशचंद्र बसूंना! वनस्पतींच्या संवेदनांवरील संशोधनासाठी पुढे जगाने ज्यांना ओळखले, तेच हे. त्यांच्या कथेत समुद्रावर तुफान येते, आणि प्रवासी केसांच्या तेलाची बाटली लाटांवर ओततो तेव्हा ते शांत होते. पाण्यावर तेल पसरले की पृष्ठताण कमी होतो, ह्या शास्त्रीय तथ्यावर ती कल्पना उभी आहे. बंगालीतल्या आरंभीच्या विज्ञानकथांत तिची गणना होते, आणि १९२१ साली बसूंनी ती 'पलातक तुफान' ह्या नावाने पुन्हा प्रसिद्ध केली.

गोष्ट उत्तम आहे, ह्याबद्दल वाद नाही. पण आम्ही कामगारांची माणसे. आमची नजर बाटलीकडे जाते. आश्रयदाता एकटा असला की त्याची बाटली गोष्टीत आणावीच लागते. जगदीशचंद्रांसारखा समर्थ माणूस त्या बाटलीतूनच तुफान शमवतो. सामान्य लेखकाच्या हातून मात्र गोष्टच तेलकट होते.

आता तिसरा मार्ग, म्हणजे शब्दावर मजुरी. तो पाहण्यास अमेरिकेला जावे लागते, कारण तेथे ह्या धंद्याचा कारखाना झाला. ह्यूगो गर्न्सबॅक ह्यांनी एप्रिल १९२६ मध्ये केवळ विज्ञानकथांना वाहिलेले 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले. त्या प्रकाराला नाव आणि घर देण्याचे श्रेय त्यांना आहे. आजही विज्ञानकथेचा एक मोठा पुरस्कार 'ह्यूगो' ह्या नावानेच ओळखला जातो. परंतु लेखकांचे पैसे देण्यात ह्या गृहस्थांची ख्याती बरी नव्हती. त्यांच्या पुढच्या 'वंडर स्टोरीज' मासिकात जानेवारी १९३४ मध्ये डोनाल्ड वोल्हाइम नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराची कथा छापली गेली. पैसे आले नाहीत. ह्या पोराने काय केले? जे आम्ही पहिल्या दिवशी कामगाराला सांगतो तेच. त्याने इतर लेखकांना पत्रे लिहिली आणि विचारले, तुमचे पैसे आले काय? कित्येकांचे आलेले नव्हते. मग ते एकत्र आले, त्यांनी वकील गाठला, आणि प्रकरण न्यायालयाबाहेर ७५ डॉलरांवर मिटले. रक्कम क्षुल्लक आहे, पण ती सर्वांनी मिळून घेतलेली आहे. पुढे त्याच मासिकाने चालवलेल्या वाचकसंघातून वोल्हाइमला काढून टाकण्यात आले. पुढाऱ्याला कामावरून काढण्याची रीत सर्व धंद्यांत सारखीच!

१९६५ साली डेमन नाइट ह्यांच्या पुढाकाराने अमेरिकेत विज्ञानकथालेखकांची रीतसर संघटना उभी राहिली. किमान दर ठरवणे हे तिने आपले काम मानले, आणि २०१९ साली तो दर शब्दामागे आठ सेंट धरला. आम्ही ह्या संघटनेला मनःपूर्वक सलाम करतो. पण हिशेब करून पाहा. पाच हजार शब्दांच्या कथेला चारशे डॉलर होतात; शंभर शब्दांच्या कथेला आठ. आठ डॉलरांत तेथे एक वेळचे जेवण कसेबसे होईल. शब्दाचा दर न्याय्य असूनही लहान गोष्टीला न्याय मिळत नाही, कारण मापच तिच्यासाठी बनलेले नाही.

ह्याच अमेरिकेत फ्रेड्रिक ब्राउन नावाचा लेखक होऊन गेला. मिलवॉकी शहरातल्या वर्तमानपत्रात तो मुद्रितशोधक होता, म्हणजे आमच्या भाषेत छापखान्याचा कामगार. त्याने एका पानाच्या विज्ञानकथा लिहिल्या. १९५४ सालच्या एका कथेत विश्वातील सर्व गणकयंत्रे एकमेकांना जोडतात, आणि त्या महायंत्राला पहिला प्रश्न विचारतात, देव आहे काय? यंत्र उत्तर देते, की आता आहे; आणि ते बंद करायला धावलेल्या माणसावर वीज कोसळून बटण कायमचे चिकटून जाते. एवढीच कथा. तिच्यावर आज, यंत्रे माणसासारखी बोलू लागल्यावर, माणसे तासन् तास वाद घालतात. जेथे शब्दामागे पैसे मिळतात तेथे शब्द खोडणे म्हणजे स्वतःची मजुरी खोडणे होय. ब्राउन खोडीत राहिला, हे त्याचे मोठेपण.

परत महाराष्ट्रात येऊ. आपल्याकडे वि. स. खांडेकरांनी रूपककथा लिहिल्या. 'कलिका' हा त्यांचा संग्रह अनेकांच्या घरी असेल. पक्षी, फुले, ढग ह्यांच्या तोंडून पान-दीड पानात ते जीवनाचे एखादे सत्य सांगून जातात. विज्ञानकथेला मात्र खरा आधार मिळाला तो संस्थेचा. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ह्या जगतापांना पहिले बक्षीस मिळाले, आणि मग उलगडा झाला, की हे तर डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून मंगलाबाईंकडून कथेची प्रत लिहवून घेतली होती.

जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाने स्वतःचे वजन बाजूला ठेवून आपला माल रांगेत उभा केला, ही गोष्ट आम्हांला त्या कथेइतकीच मोलाची वाटते. त्यांची कथा परीक्षकांनी केवळ कथा म्हणून तोलली. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी ह्या नव्या वळणाची दखल घेतली, आणि २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद खुद्द नारळीकरांकडे आले. २० मे २०२५ रोजी ते गेले. ज्या मराठी विज्ञानकथेला कोणी साहित्यात बसू देत नव्हते, ती त्यांच्या हयातीतच अध्यक्षीय खुर्चीपर्यंत पोहोचली.

येथवर दुसऱ्यांचा इतिहास झाला. आता आमचा सांगतो.

२००४ साली आमची संघटना दरमहा चार पानी पत्रक काढीत असे. जिनिंगमध्ये काम करणारा एक तरुण शेवटच्या पानावर दर महिन्याला एक लहान गोष्ट लिही. त्यांतली एक आम्हांला तोंडपाठ आहे, ती अशी:

"चंद्रावर कपाशी पिकली. दिग्रसची बाई वेचणीला गेली. दिवसभरात साठ किलो वेचले. मुकादमाने स्प्रिंगचा काटा लटकावला. काट्याने दहा दाखवले. मुकादम म्हणाला, 'इथं वजन कमीच भरते. मी काय करू?' दुसऱ्या दिवशी बाईने घरचा जुना तराजू आणि लोखंडी वजने नेली. पाच-पाच किलो करून तोलले. साठाला साठ. मुकादम म्हणाला, 'तुही वजनं बी इथं हलकी झाली असतीन.' बाई म्हणाली, 'झालीच ना. पण ती कापसाच्या बरोबरीनं झाली. तुहा काटा तेवढा पृथ्वीवरच राह्यला.'"

शंभराच्या आत शब्द. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतके, स्प्रिंगचा काटा ओढ मोजतो आणि तराजू तुलना करतो, एवढे सारे पदार्थविज्ञान त्यात आले; आणि आमच्या बायकांना ते एका वाचनात कळले.

तेरा महिने तो लिहीत होता. चौदाव्या महिन्यात तो कार्यकारिणीपुढे आला आणि म्हणाला, "भाऊ, गोष्टीमागे पन्नास रुपये द्याल काय?" आम्ही चिटणीस होतो. आम्ही हसून म्हणालो, "अरे बापू, दहा ओळी तर लिहितोस. ओळीला पाच रुपये पडले की!" सगळे हसले. तोही हसला, आणि उठून गेला. पुढच्या पत्रकात त्याच्या जागी आम्ही घोषणा छापली. घोषणा होती, श्रमाला योग्य दाम मिळालेच पाहिजे!

बंधुभगिनींनो, ज्यांनी वेचणीच्या मजुरीसाठी बारा दिवस रस्त्यावर काढले, त्याच आम्ही ओळी मोजल्या. फरदडीचा भाव मालकाला समजावून सांगणाऱ्या आम्हांला तो आपल्याच माणसाच्या बाबतीत कळला नाही. त्याने आम्हांला गोष्ट सांगितली होती ती काट्याचीच, आणि आम्ही हातात घेतला तोही तोच काटा.

आम्हांला जागे केले ते एका वेचणाऱ्या म्हातारीने. शुक्रवारी बाजारात तिने आमचा हात धरून विचारले, "भाऊ, त्या चंद्रावरच्या बाईचं पुढं काय झालं?" आम्हांला उत्तर देता आले नाही. त्या संध्याकाळी आम्ही धावंडा नदीच्या पलीकडे त्याच्या खोलीवर गेलो. तो रागावलेला नव्हता. एवढेच म्हणाला, "भाऊ, एका गोष्टीला चार रात्री लागतात, आणि त्यातल्या तीन खोडण्यात जातात." पुढच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर एक पत्र्याचा डबा ठेवला. ज्याला गोष्ट हवी त्याने महिन्याला एक रुपया टाकावा. हमाल, वेचणाऱ्या बायका, दोन रिक्षावाले आणि खुद्द टपरीवाला, असे सारे त्यात रुपया टाकीत. त्याने आणखी अकरा गोष्टी लिहिल्या, आणि प्रत्येकीचे पैसे त्याला मिळाले. मग जिनिंग बंद पडले, आणि तो कामासाठी पुण्याकडे गेला. आधीच्या तेरा गोष्टींचे साडेसहाशे रुपये आमच्या वहीत आजही देणे आहेत.

आज 'अलक', म्हणजे अति लघु कथा, मोबाईलवरून घरोघरी पोहोचतात. कोणी गमतीच्या लिहितो, कोणी परग्रहाच्या, कोणी भुताच्या. परदेशात कित्येक लेखक दरमहा थोडी रक्कम पाठवणाऱ्या शे-दोनशे वाचकांवर आपली चूल चालवतात, आणि त्यांच्यासाठी ठरल्या दिवशी एकेक लहान गोष्ट लिहितात. लोक ह्याला नवी रीत म्हणतात. आम्हांला त्यात रिद्धपूरची झोळी दिसते, केरळकोकिळाचा वर्गणीदार दिसतो, आणि टपरीवरचा डबा दिसतो.

ह्या रीतीतही धोके आहेत, ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वर्गणीदार शंभर असले तरी तेही मागणी करतात. गेल्या वेळेसारखीच गोष्ट पाहिजे, असा त्यांचा हट्ट असतो, आणि तेलाची एक बाटली जाऊन शंभर बाटल्या येतात. शिवाय लहान असलेली प्रत्येक गोष्ट चांगली असते असेही नाही. पुष्कळशा नुसत्या विनोदी चुटक्यापलीकडे जात नाहीत. परंतु वाईट माल निघतो म्हणून कोणी वेचणी बंद करीत नाही. भाव नीट ठरवतो, एवढेच.

म्हणून एक विनंती करून थांबतो. ह्या व्याख्यानमालेचे पुस्तक दरवर्षी निघते. त्यात दरवर्षी आपल्या तालुक्यातल्या कोणाची तरी एक लहान अद्‌भुत कथा छापावी. लेखकाचे नाव झाकून ती निवडावी, आणि तिचे मानधन पानावर किंवा शब्दावर न ठरवता गोष्टीवर ठरवावे. पहिल्या वर्षाचे मानधन आमची संघटना देईल. पुढच्या वर्षांसाठी दाराशी तोच जुना पत्र्याचा डबा ठेवलेला आहे. जाताना ज्याला वाटेल त्याने त्यात रुपया टाकावा. आमच्या वहीतले साडेसहाशे मात्र त्या डब्यातून फेडायचे नाहीत. ते आमचे देणे आहे, आणि त्याचा पत्ता शोधणे चालू आहे.